आबांची मूठ आणि माझं डोकं

माझ्या डोक्याला मागच्या बाजूला, मानेच्या चार बोटं वर, केसांचा एक पट्टा आहे. तो कधीच झडला नाही. बाकीचं रान पंचविशीतच साफ झालं, पण हा पट्टा जसाच्या तसा राहिला. लहानपणी आबा, म्हणजे माझे वडील, मला मारायचे तेव्हा नेमकं तिथंच धरायचे. आधी मूठ आवळायची, मग डोकं मागं ओढायचं, मग मोकळ्या हातानं काम सुरू. म्हशीनं दावं तोडलं, मार. चप्पल हरवली, मार. एकदा तेराचा पाढा चुकला म्हणून त्यांनी मला त्या मुठीनंच उचललं होतं. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा मी रडायचंसुद्धा विसरलो. गावात सगळेच बाप मारायचे हो, पण आबांनी आवाज चढवला की आमच्या आळीतली दुसऱ्यांची लेकरंपण घरात पळायची.

त्यामुळं डॉक्टरनं जेव्हा सांगितलं की पुढं लावायचे केस ह्याच पट्ट्यातून काढायचे, इथले केस लय चिवट असतात, तेव्हा मला हसू फुटलं. त्याला वाटलं मी घाबरलोय. त्याला काय सांगणार, की बाबा रे, ह्या केसांची परीक्षा कधीच झालेली आहे.

केस लावायची हौस कामून आली ते सांगतो. वय तेहतीस, जिंतूरला शाळेत गणित शिकवतो. पोरं माझ्याकडं पाठ करून ‘टकल्या’ म्हणतात आणि मला ऐकू येत नाही असं समजतात. दोन ठिकाणच्या पाहुण्यांनी चहा-पोहे खाऊन, माझ्या कपाळाकडं बघत बघत, कळवतो म्हणून सांगितलं. कुणी कळवलं नाही. आणि घरी सत्तरीचे आबा, ज्यांच्या डोक्यावर फुटलेल्या कापसासारखे दाट पांढरे केस. माझी खोपडी आईच्या माहेरावर गेली. त्याचापण मला राग होता. मला कशाचाही राग येतो. हा राग आबांचाच आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. वर्गात मी छडी ठेवत नाही ते काही मी फार सुधारलेला आहे म्हणून नाही, मला माझी खात्री नाही म्हणून. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ठरवलं होतं की आपला हात ह्या जन्मात कुणावर उठणार नाही. तेवढी एकच गोष्ट मला आबांपेक्षा वेगळी करायची होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत संभाजीनगरला जाऊन डोकं दवाखान्याच्या ताब्यात दिलं. बधिर करायची इंजेक्शनं हा सगळ्यात वाईट भाग. कातडीत सुई शिरताना करकर वाजतं, आणि ते कानांनी नाही, कवटीतून ऐकू येतं. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मी पालथा पडून टेबलाची कड अशी धरली होती की नखाखाली रक्त आलं. मग ते बारीक यंत्र घूं घूं करत मागचा पट्टा टोचत गेलं. दुपारनंतर मला उताणं केलं आणि कपाळाच्या वर भोकं पाडून एकेक केस खोचायला सुरुवात केली. दुखत नव्हतं, पण रक्त कानामागून ओघळताना कळत होतं. पुसणारी मुलगी कुणाशी तरी गप्पा मारत होती. तिला गप्प करावं, हाताला येईल ते फेकावं, असं मला चारदा वाटलं. बधिरपणा उतरल्यावर मागचा भाग असा ठणकायला लागला की वाटावं, जुनी मूठ परत येऊन बसली आहे.

घरी आई नव्हती. बहिणीच्या बाळंतपणाला पोखर्णीला गेली होती. म्हणजे मी आणि आबा, दोघंच. मी त्यांना नियम सांगितले. डोक्याला हात लावायचा नाही. आडवं झोपायचं नाही, टेकून बसायचं. खाली वाकायचं अजिबात नाही. आणि दर अर्ध्या तासाला बाटलीनं सलाईनचं पाणी फवारायचं. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि म्हणाले, रोप लावल्यावर पाणी लागणारच की, ह्यात काय नवीन.

झालं. त्या दिवसापासून माझं डोकं म्हणजे त्यांचा वाफा. उशाशी खाट टाकून बसले, अर्धा तास झाला की फुस्स फुस्स. मिरचीची रोपं त्यांनी आयुष्यभर लावली होती, त्यामुळं त्यांना ह्या कामाचा अभिमान वाटत होता. पण त्यांचा हात डोक्याजवळ आला की माझी मान आपोआप ताठ व्हायची. तेहतीस वर्षांचा घोडा मी, आणि पाण्याच्या बाटलीला भ्यायचो.

तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून खाली उतरली. चौथ्या दिवशी दोन्ही डोळे पार मिटले. आरशात बघायचीपण सोय नव्हती, चाचपून कळायचं की तोंडाचा भोपळा झालाय. डोकं आतून ठोके देत होतं. दिसत नसल्यामुळं मी नुसता आवाजावर होतो. सकाळी दहाच्या सुमाराला आबांचं पुटपुटणं ऐकू आलं, बाटलीचं तोंड अडकलंय म्हणून. मग ते मागच्या दारी गेले, हापशाचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. परत आले. हवा भरल्याचा चक चक आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा होता, पण कशाचा ते ध्यानात येईपर्यंत फवारा बसला.

आधी वास आला. लसणाचा. मग आग लागली.

वांग्यावरच्या किडीसाठी आबा हिरवी मिरची आणि लसूण वाटून अर्क करतात. तो फवारायचा एक हातपंप गोठ्यात टांगलेला असतो. तो त्यांनी माती लावून तीनदा धुतला होता, सलाईन भरलं होतं, आणि नळीत उरलेला अर्क शेकडो उघड्या भोकांवर मारला होता. मी असा ओरडलो की बाहेर म्हैस उठून उभी राहिली. कुणी डोक्यावर निखारे ओतून वरून ते चोळावेत तसं झालं. मला वाटलं गेलं सगळं. केस गेले, सुट्टी गेली, परत टकल्या. आणि केलं कुणी, तर ह्यानंच.

मी उठलो. दिसत काही नव्हतं. हात पुढं केला तर पंप लागला, तो हिसकून भिंतीवर फेकला. मग शर्ट हाताला लागला, मग केस. दाट केस. मूठ आवळली, डोकं मागं ओढलं. कसं ओढायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. “मेल्या, तू लहानपणापासून माझ्या डोक्याच्या मागं लागलायस,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. आणि मोकळ्या हातानं दिली एक. गालावर बसली की तोंडावर, दिसलं नाही. ते खाटेवर पडले, मीपण मूठ न सोडता त्यांच्यावर वाकलो, आणि दुसरी द्यायला हात उचलला.

ते धडपडले नाहीत. माझा हात धरला नाही. खालून त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

“वाकू नको. डाक्टरनं वाकू नको म्हणलंय. रोपं निघतील.”

माझी मूठ सुटली. बोटांत त्यांचे केस अडकले होते, ते मला चाचपून कळले. मी सरळ उभा राहिलो आणि लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो, आगीमुळं की कशामुळं ते सांगता येत नाही. आबांनी मला धरून बसवलं, सलाईनच्या नव्या बाटलीचं टोक कट्टकन दातानं तोडलं आणि अख्खी बाटली हळूहळू डोक्यावर सोडली. मग दुसरी. दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टर त्यांच्यावर खेकसला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. ज्यांनी कधी तलाठ्याचं ऐकून घेतलं नाही, ते फोनवर नुसतं हो साहेब, हो साहेब करत होते.

ते तसेच मोटरसायकलवर जिंतूरला जाऊन फवाऱ्याची नवी बाटली घेऊन आले. संध्याकाळी माझी एक पापणी चिमटीएवढी उघडली तेव्हा दिसलं, त्यांचा खालचा ओठ फाटला होता. रक्त वाळलं होतं. त्यानंतर दर अर्ध्या तासाला फवारा मारायच्या आधी ते बाटली माझ्या नाकाखाली धरायचे, आणि मी वास घेऊन मान हलवेपर्यंत थांबायचे.

सूज उतरली. आठव्या दिवशी डोकं धुतलं, खपल्या सुटायला लागल्या. खाज तर अशी की भिंतीला डोकं घासावं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. ते गळतातच, मूळ आत राहतं आणि चार महिन्यांनी परत येतं, हे मला आधीच सांगितलेलं होतं. मी आबांनापण सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण उशीवरचे केस वेचून तळहातावर घेऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, अर्कानं जळले. आई परत आली आणि ओठाचं विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की म्हशीनं शिंग मारलं. म्हशीला त्या दिवशी पेंड कमी मिळाली.

केस आले. पावसाळा सरता सरता कोवळे, मग बऱ्यापैकी दाट. कपाळाच्या डाव्या बाजूला दोन बोटांएवढी जागा रिकामी राहिली. डॉक्टर म्हणतो भरून देतो, मी नको म्हणालो. बाकी भांग पडतो. वर्गातली पोरं आता माझ्यासाठी दुसरं नाव शोधतायत.

परवा कापसाची वेचणी चालली होती. आबा बांधावर बसून पाणी पीत होते. त्यांच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता, पांढऱ्यात पांढरा, जवळ गेल्याशिवाय दिसला नसता. तो काढावा म्हणून मी सहज त्यांच्या डोक्याकडं हात नेला.

आबांचा कोपर तोंडासमोर आला. डोळे मिटले, मान खांद्यात गेली. तांब्या खाली पडला.

कोपर असा वर का येतो ते मला माहीत आहे. मी तेच करत मोठा झालो. मी हात मागं घेतला आणि म्हणालो, “आबा, कापूस हाय डोक्यात.” त्यांनी कोपर खाली केला, हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, राहू दे. मी तांब्या उचलून परत भरून दिला.

कापूस दिवसभर त्यांच्या केसांत तसाच होता.