वय सांगू नका

कॅप्टन दिघे गेले, हे मला मंडईत कळलं. सुट्टीचा दिवस होता, पिशवीत वांगी होती, आणि फोनवर आमच्या ऑफिसातला माणूस सांगत होता की पेशंट आणायला जाताना हेलिकॉप्टर घाटाखालच्या उतारावर पडलंय, सोबतची डॉक्टर रेवती वाचली आहे, कॅप्टन मात्र गेले. त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात जे काही छापून आलं त्यात ‘जिवावर उदार होऊन’ हे शब्द दिसले की माझं डोकं फिरतं. सदाशिव पेठेतला हा माणूस सिग्नल पिवळा झाला की स्कूटर थांबवायचा आणि मागच्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचा.

आठ वर्षं आम्ही एकत्र उडालो. मी हवाई रुग्णवाहिकेतली डॉक्टर, ते वैमानिक. त्यांचा एक नियम होता. जायचं की नाही हे ठरेपर्यंत त्यांना पेशंटबद्दल अक्षरही सांगायचं नाही. कुठून आणायचंय, एवढंच. पहिल्याच आठवड्यात मी “बाई गरोदर आहे हो” म्हणून बोलून गेले, तर नकाशावरून मान न उचलता म्हणाले, “डॉक्टर, हे ढगांना कळवलंत का?” माणूस आहे की दगड, असं मी घरी येऊन म्हटलं होतं. ते स्वतःला किती ओळखून होते, हे समजायला मला फार वेळ लागला. “कळलं की मी जाईन. म्हणून कळू देऊ नका,” असं एकदा चहा पिताना ते बोलून गेले होते.

आणि तीन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं. कोकणातून साप चावलेली मुलगी आणायची होती. घाट ढगांनी भरला होता, ते नाही म्हणाले. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, “सहा वर्षांची आहे, कॅप्टन.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं... ती नजर मला अजून नको वाटते. मग हेडसेट उचलला. घाटात कितीतरी वेळ पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. मागून मी विचारलं, “हवा कशी आहे?” “ठीक आहे,” ते म्हणाले. मुलगी वाचली, आमचे सत्कार झाले, पेढे वाटले गेले. कॅप्टन आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दिवशी घाबरून परत फिरलो असतो तर बरं झालं असतं. निभावलं, म्हणून ती युक्ती ठरली. नव्या डॉक्टरांना मी हसत हसत सांगायचे, दिघे सर अडले की वय सांगायचं. त्यांनीही हळूहळू रागावणं सोडलं. आणि समोर काय दिसतंय ते मात्र त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. आमचे हात पेशंटवर स्थिर राहावेत म्हणून दरवेळी “ठीक आहे”. त्यासाठी मी त्यांनाही माफ केलेलं नाही. खरं कळलं असतं तर मागे बसलेलं कुणीतरी ‘परत फिरा’ म्हणालं असतं. निदान मी तरी म्हणाले असते, असं मी स्वतःला सांगत असते.

रेवतीला भेटायला गेले तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. “मॅडम, सर नाहीच म्हणाले होते,” ती म्हणाली. “मग मी सांगितलं, चार वर्षांचा आहे.” आणि पुढे म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतंत ना.” तिच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

चौकशीसाठी मी हे सगळं लिहून काढलं. देण्याआधी तो कागद घेऊन वहिनींकडे, कॅप्टनच्या पत्नीकडे गेले. त्यांनी मला कॅप्टनच्या खोलीत बसवलं. टेबलाच्या काचेखाली घाटाचा नकाशा तसाच आहे, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. वहिनींनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला. त्या रडतील किंवा मला निघा म्हणतील, असं वाटलं.

“त्या मुलाचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“वाचला. त्याच दुपारी त्याला गाडीने पुण्यात आणलं.”

वहिनींनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“म्हणजे गाडीने जमत होतं.”

“हो,” मी म्हणाले.