यादी वरून येते

धडगावच्या कार्यालयात मी इतकी वर्षं काढली आहेत की दारावरच्या फलकाखाली जुने फलक किती आहेत, ते मी न सोलता सांगू शकतो. पुण्याला राज्याचा कृषीप्रमुख बदलला की आमचा फलक बदलतो. एक साहेब शेततळ्यांचे होते. त्यांच्या काळात आम्ही झोपेतही खड्ड्यांची मापं घ्यायचो. नंतरचे साहेब फळबागांचे. मग आल्या मातीच्या मॅडम. मी कृषी सहायक. म्हणजे पुण्याहून निघालेली कुठलीही योजना शेवटी ज्याच्या डोक्यावर येऊन बसते, तो माणूस.

घर माझं धानोऱ्याकडे, काळ्या मातीतलं. सोमवारी जीपने घाट चढायचा आणि शनिवारी उतरायचा, यातच जवानी गेली आणि गुडघेही गेले. बायको दर सोमवारी डबा देताना विचारायची, "तुम्ही तठे डोंगरवर काय करतस? दगडं मोजतस का?" मी हसून वेळ मारून न्यायचो. आमच्या वावरात हातभर खणलं तरी कुदळीला दगड लागत नाही. तिथे वाढलेल्या माणसाला माती संपू शकते, हे कळतं; पण मनापासून पटत नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ यात आहे, असं मला वाटतं.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. सातपुड्याच्या उतारावर माती आधीच थोडी. दर पावसाळ्यात त्यातली काही नाल्याला जाते. ती थांबवायची तर उतारावर आडवे दगडी बांध हवेत, आणि कुठल्या वावराला बांध आधी हवा, हे कार्यालयात बसून ठरवता येणार नाही. म्हणून आम्ही प्रत्येक वावरात जायचं, मातीचा नमुना घ्यायचा आणि सोबतच्या तक्त्यात उतार किती, माती किती खोल, हे लिहायचं. त्या तक्त्यांवरून बांधांची यादी होणार होती. योजना चांगली होती. हे मी आज म्हणतोय असं नाही. तेव्हाही म्हणत होतो, फक्त कुरकुरत.

नमुना घ्यायचा म्हणजे वावरात पाचसहा ठिकाणी वीतभर खड्डे घ्यायचे, कडेची माती खरवडायची, गोणपाटावर एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरायची. सुरुवातीला मी हे सगळं अगदी पुस्तकात दिल्यासारखं केलं. मेच्या अखेरीस मात्र एकाच पाड्याच्या सात पिशव्या उरल्या. तो पाडा जीपच्या थांब्यापासून तासाभराच्या चढावर. सकाळी एकदा निघालो, अर्ध्यातून परत आलो. थांब्याजवळ नाल्याकाठी एक सपाट, गाळाचं वावर होतं. त्याच्या बांधावर मी पाणी पीत बसलो होतो. जीपवाला आमच्याकडचाच. म्हणाला, "भाऊ, ऊन देखा जरासं. माटी ती माटी शे, आठली काय नि तठली काय. भरी ल्या."

मी सातही पिशव्या त्या एका वावरात भरल्या. तक्त्यात सात वेळा लिहिलं: उतार सपाट, माती खोल. वेगवेगळ्या शाईने लिहिण्याचंही सुचलं नाही, इतका मी दमलो होतो. कुणी विचारलंच नाही.

त्या सातातलं एक वावर एका बाईचं होतं. नवरा नव्हता. मुलगा ऊस तोडायला गुजरातेत जायचा, आणि मागे ही आणि सून मिळून मका, ज्वारी, थोडी तूर पिकवायच्या. मुलाचं जाणं थांबायचं तर वावर टिकायला हवं, एवढा तिचा साधा हिशोब होता. शेजारच्या पाड्यावर बांधांचं काम सुरू झालेलं तिने पाहिलं आणि बाजाराच्या दिवशी दोघी कार्यालयात आल्या. सासूला पावरी बोलीच येते. सून आश्रमशाळेत शिकलेली, ती शाळेतल्या मराठीत सांगायची. शब्द अगदी नीट, एकेक ठेवल्यासारखे.

"सासू विचारते, आमच्या शेतात बांध का नाही?"

आमच्याकडे अशा प्रश्नाला एक तयार उत्तर असतं. मी ते दिलं. म्हटलं, "बाई, यादी आमच्या हातात नाही. यादी वरून येते."

सुनेने ते सासूला सांगितलं. सासू काही बोलली.

"सासू म्हणते, वर कुठे? वर तर आम्ही राहतो. आमच्याकडे तर कोणी आलंच नाही."

मी फाइल उघडली आणि बंद केली. पुढच्या वर्षी बघू, म्हटलं. त्या गेल्यावर जेवणाचा डबा उघडला, तो तसाच झाकून ठेवला. मला शरम वाटली. पण तक्ता परत मागवून खोडायचा तर का खोडला, ते लिहून द्यावं लागलं असतं. ते माझ्या जीवावर आलं.

फेब्रुवारीत मॅडम स्वतः धडगावला आल्या. मंडप, खुर्च्या, सत्काराचे टॉवेल, नारळ, सगळं आम्हीच उभं केलं. माती तपासणीच्या पत्रिका त्यांच्या हातून वाटायच्या होत्या. आमच्या तालुक्याच्या साहेबांना मंचावर शेतकरी बायका हव्या होत्या, आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे ती बाई समोरच होती. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी मंडपाच्या खांबामागे गेलो.

आजवरचे साहेब पत्रिका द्यायचे, फोटो निघायचा, पुढचं नाव. या मॅडमनी चष्मा लावला आणि पत्रिका वाचायला घेतली. माझ्या तक्त्यातलं सगळं त्यावर छापून आलं होतं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "ताई, तुमचं शेत सपाट आहे, माती खोल आहे." सुनेने पावरीत सांगितलं. बाई हसली. तोंडावर पदर वगैरे न घेता मोकळी हसली. मग तिच्या पाड्याची माणसं बसली होती ती सगळी ओळ हसायला लागली. आमचे साहेबही हसले, कारण त्यांना काही कळलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला. "का हसल्या?"

सुनेने तिच्या त्या नीट मराठीत सांगितलं, "मॅडम, आमच्या शेतात भोपळा ठेवला तर तो नाल्यात जाऊन थांबतो."

"चला," मॅडम म्हणाल्या, "शेत बघू."

त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते, ते मी सकाळी गाडीतून उतरताना पाहिले होते. चढ बघून त्या परत फिरतील, या आशेवर मी निम्मा डोंगर चढलो. त्या फिरल्या नाहीत. दर थोड्या अंतराने थांबत, कमरेवर हात ठेवत, पुन्हा चालू लागत. सोबत आलेले निम्मे अधिकारी खालीच पाणी पीत राहिले. कृषीप्रमुखांची मी आयुष्यभर टवाळी करत आलोय, पण मॅडमचं ते चढणं मी विसरलेलो नाही.

वर पोचलो. वावराच्या मधून पावसाने घळ पाडली होती. कडेने दगड उघडे पडलेले. मॅडम खाली बसल्या, बोटाने माती उकरली. पेराएवढं बोट गेलं आणि खडक लागला. त्यांनी विचारलं, "नमुना कोणी घेतला?"

आमचे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी. पण इथून नाही."

"मग?"

मी खाली हात केला. म्हटलं, "या पाड्याचे सातही तिथूनच." तिथून ते नाल्याकाठचं वावर स्वच्छ दिसत होतं. जीपही उभी होती. मॅडमनी तिकडे बघितलं.

"वावर चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

याहून जास्त त्या मला काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सून मात्र माझं वाक्य न वाक्य सासूला सांगत होती. सासूने सगळं ऐकलं आणि घरात जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. ते पिताना मला जो त्रास झाला तो नंतर मिळालेल्या कारणे दाखवा नोटिशीने झाला नाही.

मॅडमनी तिथेच उभं राहून डायरीत बाईचं नाव लिहिलं, सातही तक्ते रद्द करायला लावले, आणि या उन्हाळ्यात बांध झालाच पाहिजे असं साहेबांना सांगितलं. मी दुसऱ्याच आठवड्यात सातही वावरांत चढून नमुने घेतले. दुरुस्त केलेली यादी वर गेली. तिच्यावर एक शेरा पडला, ती खाली आली. आम्ही उत्तर दिलं, ती पुन्हा वर गेली. एप्रिलमध्ये मॅडमची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या नवीन साहेबांनी आधीच्या सगळ्या याद्या तपासायला घेतल्या. त्यांचंही चुकलं नाही. माझ्यासारख्याने केलेल्या याद्या तपासायलाच हव्या होत्या. तपासेपर्यंत जून उजाडला.

त्या साली श्रावणात डोंगरावर तीन दिवस पाऊस थांबला नाही. मी खोलीच्या खिडकीतून रस्त्यावरचं तांबडं पाणी बघत होतो. त्या पाण्यात कुणाकुणाचं वावर आहे, हे मला आता माहीत होतं.

दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. त्या दुसऱ्याच कुठल्या खात्यात होत्या. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला, कोण जाणे. "त्या ताईंचा बांध झाला का?" मी म्हटलं, "यादीत नाव आलंय, मॅडम." हे खरं होतं. त्या म्हणाल्या, "बरं." त्या आवाजातला थकवा मला ओळखीचा वाटला. इतक्या वरच्या माणसालाही असं थकायला होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बांध पुढच्या उन्हाळ्यात झाला. काम चोख, मी स्वतः उभं राहून करून घेतलं. बाईचा मुलगाही त्या हंगामात लवकर परतला आणि दगड रचायला लागला. बांध कमरेएवढा झाला. फक्त त्याने अडवायचं ते आता वावरात नव्हतं. वरच्या अंगाला नुसता खडक होता, धुतल्यासारखा. मी ते पाहिलं आणि खाली आलो.

यंदा पुन्हा नमुने घ्यायचे निघाले. फलक नवा आहे. तक्त्यात एक रकाना वाढलाय: नमुना कुठून घेतला. तो माझ्यासारख्यांमुळेच वाढला असणार. मी सगळ्यात आधी त्या बाईच्या वावरात गेलो. चढायला मला आता दीड तास लागतो.

बांधाच्या मागे माती होती. वीतभर, काळसर, गाळाची. मी खड्डा घेतला, आणखी एक घेतला, माती हातात चोळून पाहिली. ही माती मी ओळखत होतो. वाटेकडे बघितलं तर खालून सासू आणि सून चढत होत्या, दोघींच्या डोक्यावर टोपल्या. दोन उन्हाळे त्यांचं हेच चाललं होतं. नाल्याकाठच्या त्या वावराच्या मालकाने गाळ न्यायला हरकत घेतली नव्हती.

सासूने टोपली बांधामागे रिकामी केली आणि माझ्या हातातल्या तक्त्याकडे बोट करून काय लिहितोस, असं विचारलं. मी सुनेला रकाना वाचून दाखवला. म्हटलं, "माती कुठली, ते लिहायचंय."

सासू बोलली. सुनेने टोपली खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि सांगितलं, "सासू म्हणते, लिहा. यादी वरून आली. माती आम्ही खालून आणली."

रकान्यात तेवढी जागा नव्हती. मी त्यांच्या वावराचा नंबर लिहिला, पिशवीत माती भरली आणि तिचं तोंड बांधायच्या आधी त्यातली दोन मुठी माती परत बांधामागे टाकली.