उजव्या बाजूचा आवाज

कल्पना करा, तुमच्यासमोर एक जुनी कॅसेट आहे आणि ती तुम्हाला बरी करायची आहे. आधी बारीक स्क्रू काढायचे आणि ते बशीत ठेवायचे, कारण टेबलावरून एक जरी घरंगळला तरी पुढचा अर्धा तास तुम्ही जमिनीवर रांगणार. झाकण उचलताना श्वास रोखायचा. आतली चकती हलली की सगळी फीत सुटून मांडीवर येते आणि मग तिचा गुंता सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. चुरगळलेली फीत बोटाने सपाट करायची नाही, बोटाचं तेल लागतं. तुटलेली टोकं ब्लेडने तिरकी कापायची, एकमेकांना भिडवायची, मागून पट्टी चिकटवायची. मग कॅसेट यंत्रात घालून फीत वाचणाऱ्या हेडशेजारचा स्क्रू केसभर, अगदी केसभर फिरवायचा आणि आवाज कुठे उघडतो ते कानाने शोधायचं. तो उघडतो तेव्हा धुळकट काच पुसल्यासारखं वाटतं. आणि हे करताना हात थरथरू द्यायचा नाही, मग त्या फितीवर तुमचं निम्मं आयुष्य का असेना.

रीळताई हे काम रोज करते. चष्म्याच्या दुकानामागे तिची खोली आहे. एक खिडकी, दोन टेबलं, भिंतीला टेकवलेली जुनी यंत्रं आणि एक संगणक, ज्याचा पंखा तिच्यापेक्षा जास्त बडबडतो असं ती म्हणते. लोक तिच्याकडे आजोबांची भाषणं आणतात, बाळांचे बोबडे बोल आणतात. एक गृहस्थ बायको गेल्यावर तिच्या आवाजाची कॅसेट घेऊन आले. दुरुस्त करून लावली तर बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनाच झापत होत्या. गृहस्थांनी ती तिथेच तीनदा ऐकली आणि हसत घरी गेले.

तिने लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीचं घर तेच तिचं घर, आणि बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, तिला सख्ख्या भावाच्या जागी. ती शाळेत होती तेव्हा भाऊजी नवे नवे घरात आले. त्यांनी आपल्या दोन स्पीकरांच्या मधोमध तिला बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि तो बँड ऐकवला. बँडमध्ये गाणारे दोघं होते. ते भाऊ नव्हते, पण चाहत्यांनी त्यांची नावं थोरला आणि धाकटा अशीच ठेवली होती. थोरल्याचा आवाज उंच आणि धारदार. धाकट्याचा त्याच्या खाली, जरा खरखरीत, उशिरा पोचल्यासारखा. थोरला दार उघडायचा आणि धाकटा आत येऊन ते लावून घ्यायचा. त्या दिवशी मुलगी जागची उठेना. तिचं जेवण निवून गेलं, आणि ताई नवऱ्यावर भडकली.

पुढे बँड फुटला. थोरल्याने धाकट्याला काढलं असं काहीजण म्हणत, धाकटा स्वतःच गेला असं बाकीचे. थोरला मोठा झाला. धाकट्याचं नाव हळूहळू पुसट होत गेलं, आणि जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा त्याचा आवाज मिक्सिंगमध्ये इतका मागे ढकलला होता की शेजारच्या घरात कोणीतरी गातंय असं वाटावं. यावरून चाहत्यांमध्ये तट पडले. रविवारी सकाळी रीळताईच्या खोलीत जी मंडळी जमत, त्यांच्यातही होते. गाडी चालवायला शिकवणारा एक जण, त्याला सगळे क्लच म्हणत, तो कडवा धाकट्याचा. भाऊजी थोरल्याचे. चष्मेवाला दुकानदार ज्याचा चहा प्यायचा त्याच्या बाजूने बोलायचा. रीळताईला विचारलं की ती म्हणायची, मला डावा कान पण आहे आणि उजवा पण.

हे ती नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नव्हती. तिच्याकडे एक कॅसेट होती. शिकाऊ असताना ती एका ध्वनियंत्रणावाल्याच्या हाताखाली वायरी गुंडाळायचं काम करायची, आणि त्या दोघांचा शेवटचा एकत्र कार्यक्रम त्याच माणसाकडे होता. गायकांच्या दोन माइकांपैकी एक खरखरतो अशी तक्रार होती. कुठला ते कार्यक्रमानंतर निवांत तपासता यावं म्हणून त्याने कॅसेटच्या डाव्या बाजूला, म्हणजे डाव्या स्पीकरमधून वाजणाऱ्या पट्टीवर, फक्त थोरल्याचा माइक जोडला आणि उजव्या बाजूला फक्त धाकट्याचा. गिटार नाही, ढोल नाही, लांबून झिरपलं तेवढंच. माइक चांगलेच निघाले, खरखर वायरीत होती. कॅसेट त्याने तिला देऊन टाकली.

त्या कॅसेटवरून रविवारच्या मंडळींची एक रीत पडली होती. कॅसेट लागली की क्लच उजव्या स्पीकरला खेटून बसायचा आणि भाऊजी डाव्या. रीळताई मधे. चष्मेवाला दारात, कारण दुकानात गिऱ्हाईक आलं तर. क्लच भाऊजींना म्हणायचा, तुमचा माणूस नुसता ओरडतो, गातो तो आमचाच. भाऊजी म्हणायचे, तुमचा माणूस गातो असं तुम्ही म्हणता म्हणून आम्ही धरून चालतो. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि कोणी मनाला लावून घेतलं नव्हतं.

मग थोरल्याचा दौरा जाहीर झाला. एकट्याचा, सत्तरी ओलांडल्यावर, बहुधा शेवटचा. त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुनी गाणी गाणार का, गायली तर कुठल्या पट्टीत, या वयात तो वरचा सूर लागेल का, आणि सगळ्यांच्या ओठावर असलेलं पण कोणी न बोललेलं, की धाकट्याला निदान एका गाण्यापुरतं बोलावेल का. क्लच म्हणाला, बोलावलं तर मी थोरल्याचे पाय धरीन. चष्मेवाल्याने त्याच्या पोटाकडे बघून म्हटलं, वाकता येतंय का बघ आधी.

सगळे गेल्यावर भाऊजी मागे थांबले. दौऱ्याच्या लोकांशी त्यांचं बोलणं झालं होतं, चाहत्यांच्या संस्थेत त्यांचं नाव जुनं. त्या लोकांना तिच्या कॅसेटबद्दल कळलं होतं.

"धाकटा आता प्रवास करू शकत नाही म्हणे," भाऊजी म्हणाले. "पण त्याचा आवाज तर तुझ्याकडे आहे. थोरला स्टेजवर गाईल आणि उजवीकडून धाकट्याचा आवाज येईल. सरावात ताल जुळवायला त्यांना डावी बाजूही लागेल. लोकांना आधी काही सांगायचं नाही."

रीळताईने कॅसेट काढून टेबलावर ठेवली. एवढ्या वर्षांनी तो मागे ढकललेला आवाज भरल्या सभागृहात, पुढे, सगळ्यांसमोर येणार होता, आणि तो तिच्या हातून येणार होता. तिला आयुष्यात याहून जास्त काही नको होतं.

तिने बाकीची कामं बाजूला सारली. लोकांना सांगितलं, तुमचे आजोबा थोडे थांबतील, त्यांना घाई नाही. दोन्ही बाजू वेगळ्या उतरवून घेतल्या, सूं असा फितीचा आवाज जपून काढला, खटखट एकेक वेचून टाकली. एका जागी ती अडली. ध्रुवपदाच्या आधी धाकटा थोरल्याच्या माइककडे झुकला असावा, कारण डाव्या बाजूला, थोरल्याच्या शेवटच्या शब्दाला चिकटून, धाकट्याचा श्वास आला होता. आखूड, घाईचा, आता सुरू करतो असा. काढायला गेलं तर थोरल्याचा शब्द सोलला जात होता. तिने तो राहू दिला. सरावात दोन्ही बाजू एकत्र वाजतील तेव्हा श्वासामागोमाग आवाज येईलच, मग तो खटकणार कशाला. दोन फाइली केल्या, डावी आणि उजवी, आणि पेनड्राइव्ह भाऊजींच्या हातात ठेवला.

कार्यक्रमाला पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मिळाल्या. भाऊजींनी सगळ्यांची सोय केली होती, स्वतः थोरल्याला भेटून आले होते, दोघांचा फोटोही होता. ताई म्हणाली, लग्नाच्या फोटोत तरी एवढं हसला होतात का?

थोरल्याने आधी नवी गाणी गायली. आवाज म्हातारा झाला होता, खाली उतरला होता, मधेच तुटत होता. रीळताईला ते आवडलं. हा माणूस आहे तसा उभा आहे असं तिला वाटलं. मग दिवे मंद झाले, ढोल वाजवणाऱ्या पोराने कानाला काहीतरी लावलं, आणि ते जुनं गाणं सुरू झालं.

आवाज असा लागला की सभागृह उभं राहिलं. तोच उंच, धारदार, एकही सुरकुती नसलेला. शेजारी क्लच, कडवा धाकट्याचा क्लच, हमसून रडायला लागला. क्षणभर रीळताईचाही विश्वास बसला. कलावंतांच्या बाबतीत असं होतं म्हणतात, एखाद्या संध्याकाळी गळा परत मिळतो.

मग ध्रुवपद जवळ आलं आणि तिला तो श्वास ऐकू आला.

स्टेजवर थोरल्याच्या शेजारी कोणीच नव्हतं. त्याचं स्वतःचं तोंड तेव्हा शेवटच्या शब्दावर उघडं होतं. त्या स्पीकरांतून, हजारो लोकांच्या डोक्यावरून, दुसऱ्याच माणसाने श्वास घेतला. रीळताई उजवीकडच्या स्पीकरकडे वळली. तो आता येईल, आता येईल. तो आला नाही. ध्रुवपद थोरल्याने एकट्याने पूर्ण केलं, म्हणजे तिच्या फितीने पूर्ण केलं, आणि त्याने ओठ हलवले. तिने स्वतःच्या हाताने धुऊन पुसून दिलेला आवाज लोक आजचा म्हणून ऐकत होते, आणि ज्याच्यासाठी तिने तो दिला होता त्याचा एक श्वास सोडला तर काही उरलं नव्हतं.

तिने भाऊजींकडे पाहिलं. ते स्टेजकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

पुढच्या रविवारी मंडळी जमली ती लग्नघरासारखी. काय गळा, काय दम, सत्तरीत असा सूर लावणारा दाखवा. क्लच म्हणाला, मी सगळं मागे घेतो, आजपासून मी थोरल्याचा. रीळताईने संगणकावरून डावी बाजू लावली. तो शब्द, तो श्वास, मग एकटं ध्रुवपद. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा क्लचने हात आडवा धरला.

"कळलं," तो म्हणाला. "पण ऐकवायलाच पाहिजे होतं का? मला एक चांगली संध्याकाळ मिळाली होती, रीळताई. एकच."

चष्मेवाला म्हणाला, यात नवीन काय, सगळेच करतात. आणखी कोणी म्हणालं की तिचे कान नको तितके तिखट आहेत, सामान्य माणसाला आनंद मिळाला ना, झालं तर. ती सगळ्यांची तोंडं बघत राहिली. तिला वाटलं होतं हे लोक चिडतील. ते चिडले होते, पण तिच्यावर. एकेकाला काम आठवलं, आणि खोली रिकामी झाली. क्लच जाताना उजवीकडची आपली खुर्ची उचलून भिंतीला लावून गेला.

भाऊजी राहिले. ती त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, आजही बोलली नाही.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

भाऊजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. मग त्यांनी सांगितलं. दौऱ्याच्या लोकांनी फक्त डावी बाजूच मागितली होती. थोरल्याचा गळा गेला होता, आणि तरुणपणीचा त्याचा असा निव्वळ आवाज जगात दुसरीकडे कुठे नव्हता. धाकट्याचं नाव त्या बोलण्यात निघालंच नव्हतं. ते भाऊजींनीच मनाने घातलं होतं, कारण नुसत्या डाव्या बाजूसाठी ती हो म्हणाली नसती.

"तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसला होता गं," ते म्हणाले. "त्याला धड बोलवत नव्हतं. आपण ज्याच्यावर एवढा जीव टाकला, त्याने लोकांसमोर मोडून पडायचं? मी त्याला काठी दिली, एवढंच."

"काठी माझी होती, भाऊजी."

ताईला सांगू नकोस, एवढं ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले, ज्या समोरच होत्या.

रीळताईने ताईला सांगितलं नाही. ती अजून त्या घरी जेवायला जाते, भाऊजी अजून तिला वाढतात, घे गं म्हणतात. दौरा पुढे चालू आहे. गावोगावचे चाहते लिहितात की त्या एका गाण्याला अंगावर काटा येतो, आणि त्या श्वासाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. थोरल्याचा तिला राग येतो, पण तो लांबच्या माणसाचा राग आहे, येतो आणि जातो. रात्रंदिवस सलतं ते वेगळंच. तिने फाइली दोन दिल्या होत्या, मागितली होती एक. म्हणजे दुसरी एकतर तिकडे पोचली आणि थोरल्याच्या माणसांनी ती उघडून, ऐकून, नको म्हणून टाकली. नाहीतर ती इथेच, ज्या माणसाने तिला दोन स्पीकरांच्या मधे बसवून दोन्ही आवाज ऐकायला शिकवलं, त्यानेच पुसली. पहिलं असेल तर तिला सोसता येईल. ताटावर बसली की प्रश्न तिच्या जिभेवर येतो, आणि भाऊजी नेमके तेव्हाच पाणी आणायला उठतात. तरी कधीतरी तिला तो विचारायचाच आहे: उजवी बाजू तुम्ही त्यांना पाठवली तरी होती का?