विजयाची धून

काकांनी मला न विचारता माझ्या डोक्यावर तिरकी टोपी चढवली आणि कमरेला पुठ्ठ्याची खुकरी खोचली. अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. हॉल भरलेला. कुणीतरी शिट्टी मारली. मी हसलो. व्हिसावर आल्यापासून सगळं हसण्यावारी न्यायची सवयच लागली होती.

काका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, सगळेच त्यांना काका म्हणतात. अडीचशे वर्षांपूर्वी गोरखा राजाच्या सैन्यानं काठमांडूच्या खोऱ्यातली राज्यं कशी जिंकली, ते स्लाइड लावून सांगत होते. मी मध्ये बासरी वाजवायची. विषय न विचारताच हो म्हणालो होतो, कारण बाबा पुण्याहून आले होते. त्यांनी मला स्टेजवर बघावं, एवढीच हौस.

बाबा आयुष्यभर पुण्यात एका सोसायटीचे वॉचमन, मी तिथेच वाढलो. आम्ही त्याच खोऱ्यातल्या कीर्तिपूरचे नेवार, म्हणजे हरलेल्यांपैकी, पण सोसायटीला ते नुसते गुरखा. इथेही दाराजवळ बसले, आणि कुणी आत आलं की उठून उभे राहत होते. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.

कीर्तिपूरची स्लाइड आली. किल्ला सर झाला, काका म्हणाले. पुढची स्लाइड.

मधलं आमच्या घरात सांगतात. गावानं ते सैन्य आधी परतवून लावलं होतं. गाव पडल्यावर त्याचा सूड म्हणून पुरुषांची नाकं कापली, ओठ कापले. फुंकून वाद्य वाजवणारे तेवढे सोडले. जिंकणाऱ्यांना वाजंत्री हवेच होते. आमचे पूर्वज त्यातले. शेजाऱ्यांची नाकं जात होती आणि आमचे वाजवत होते. म्हणून आमच्याकडे हुकमावर बासरी ओठाला लावत नाहीत. बासरी हातात देताना बाबांनी आधी हेच शिकवलं.

"आता आपला गुरखा वाजवेल," काका म्हणाले. "कम ऑन, विजयाची एखादी धून होऊन जाऊ दे."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"काका, मी कीर्तिपूरचा. तुमच्या या राजानं आमची नाकं कापली. मी वाजवणार नाही."

"अरे, इट्स जस्ट हिस्टरी. एवढं मनाला काय लावून घेतोस? एकच वाजव."

काका अजून हसतच होते. मी खाली उतरलो.

गाडीत बाबा म्हणाले, "वाजवायचं होतंस. तुझी माणसं आहेत ती."

हुकमावर वाजवायचं नाही हे ज्यांनी शिकवलं, तेच. मला त्यांचा राग आला. मग ज्यांनी त्यांना जन्मभर दारात उभं केलं, त्यांचा.

मंडळ मी सोडणार नाही. मराठी माझीही आहे. पुढच्या कार्यक्रमाला जाणार, पहिल्या रांगेत बसणार, बाबांना शेजारी बसवणार. त्या राजाचे कुणी गोडवे गायला लागलं, की उठून नाकांचं सांगणार. बासरी घरी ठेवून.