फौजदाराचं पथ्य

बायकोबरोबर मी जे शेवटचं काम केलं ते कुत्र्याला दाबून धरायचं. ती त्याच्या पाठीला करंजेलात कालवलेलं गंधक चोळत होती आणि कुत्रा मला चावत होता. (तिला नाही. त्यालाही घरात कोणाचं चालतं ते माहीत होतं.)

कुत्र्याचं नाव फौजदार. चोराची चाहूल लागली की चुलीमागे जाऊन बसायचा म्हणून ठेवलेलं. त्या वर्षी त्याला अशी खाज सुटली की पायांचे पंजे चावून लाल, कान सुजलेले, पाठीवर एक केस नाही. सारं बाळकुम गाव वैद्य झालं. कोणी हळद सांगितली, तर फौजदार नवरदेवासारखा पिवळा होऊन फिरला. कोणी तंबाखूचं पाणी सांगितलं, तर तो दिवसभर ओकला. मी पडलो मिठागरातला माणूस, मिठाने सगळं बरं होतं ही आमची अक्कल. त्याला उचलून खाऱ्या पाण्यात बुचकळला. तो जो किंचाळत सुटला तो रचलेल्या मिठाच्या राशी तुडवत थेट खाडीपर्यंत. पुढे आठवडाभर मिठागरावर मला कोणी तंबाखूची चिमूट दिली नाही.

बायको एकच म्हणायची, "अवो, त्याची सुकट बंद करा. सुकट खाल्ली का रातभर पाय चावतो तो."

"सगळं गाव खातं. आपल्याला का नाही खाज सुटत? का आता याला शिरापुरी घालू?"

ती गंधकाचा हात पदराला पुसून भात टाकायला गेली. रात्री तिला ताप भरला आणि चार-सहा दिवसांत ती गेली. भांडण अर्धंच राहिलं. माझा तर जिंकायचा बेत होता.

सुतकात न्हाव्याने माझं डोकं भादरलं. आता ओटीवर दोन बोडके बसायचे, एक दुःखाने, एक खरजेने. समाचाराला आलेली माणसं आधी कुत्र्याकडे बघून हळहळायची. आळीतल्या बायांनी बजावून ठेवलं, ही खरूज पोरांना लागेल, कार्य उरकलं की कुत्रा गावाबाहेर घालवा. दिवा गावचा माझा मेव्हणा धाकलू होडी घेऊन आलेला. त्याने लगेच पत्करलं, जाताना नेतो आणि पलीकडच्या काठाला सोडतो. मी नको म्हणालो. दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून कोणी ऐकलं नाही.

सुतकात घरात मासळी नाही. बिनफोडणीची डाळ आणि भात, मला तेच, त्यालाही तेच. आणि फौजदार खाजवायचा थांबला. माझ्या डोक्यावर नि त्याच्या पाठीवर एकदमच लव फुटली. धाकलूने हात जोडले. म्हणाला, ताईचा जीव याच्यात घोटाळतोय. ज्या बाया हाकलायला सांगत होत्या त्याच त्याच्यापुढे भाताची मूद ठेवू लागल्या. मलाही जरा खरं वाटलं. माझ्याकडे तो तिच्यासारखाच बघायचा, वैतागून.

सुतक फिटलं की माहेरच्यांनी मासळी आणून घरात शिजवायची ही आमची रीत. धाकलूने सुकटीची टोपलीच आणलेली. ताईच्या जिवाला पहिला घास म्हणून फौजदारापुढे आधी ठेवला. दिवेलागणीला फौजदार भिंतीला पाठ घासत होता आणि पंजे चावत होता.

"धाकल्या, सुकटीने होतंय हे. तुझी ताई सांगत होती."

"काय बोलता भावजी? सगळं गाव खातं. आपल्याला का नाय सुटत खाज?"

माझंच वाक्य. त्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं, किती मूर्ख दिसतो माणूस ते बोलताना.

"ताईचा जीव घास घेऊन सुटला, आता ही नुसती खरूज. सकालच्या भरतीला न्हेतो त्याला," धाकलू म्हणाला आणि झोपला.

सकाळी भरतीच्या आधी उठलो. सुकटीची टोपली उचलून धाकलूच्या होडीत नेऊन ठेवली, शिंकाळ्यातली आमची उरलेली सुकटही त्यातच ओतली. त्याला सांगितलं, पलीकडे न्यायचीच तर ही टोपली ने, कुत्रा इथेच राहील. तो मला वेडा म्हणाला आणि गेला. घरी येऊन मी दोघांपुरती डाळ टाकली, बिनफोडणीची. मी सुकट खाल्ली तर हा ताटात तोंड घालणार, म्हणून मलाही बंद. गावाला वाटतं, म्हातारा अजून बायकोचं सुतक पाळतो. मी पाळतोय ते कुत्र्याचं पथ्य!