वेशीबाहेरची चौकशी

आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाचा कौल मिळाला की सगळं गाव घरं बंद करून तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. गावात कोणाची चूल पेटत नाही. गेल्या पळणीत, लहानपणानंतर पहिल्यांदाच, मीही होतो. आणि नेमका तेव्हाच माझ्या रहिवासाची चौकशी करायला पोलीस आला.

तरुणपणी मी बोटीवर लागलो, मग इंग्लंडला स्थायिक झालो आणि तिथला पासपोर्ट घेतला. बायको गेल्यावर परत आलो तो वहिनीकडे, म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोकडे. मुलगी तिकडेच आहे. उरलेले दिवस पाहुणा म्हणून काढायचे नव्हते, म्हणून पुन्हा इथलं नागरिकत्व मिळावं असा अर्ज केला. त्यासाठी वर्षभर सलग इथे राहिलेलं असावं लागतं. मी मधे दोन महिने मुलीच्या ऑपरेशनसाठी गेलो होतो. अर्ज भरून देणारा म्हणाला, "तेवढ्यासाठी कोण विचारतंय?" मी सही केली.

नदीकाठी आमची माडाच्या चुडतांची झोपडी होती. वहिनी तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या भाजत होती. मी सुके बांगडे भाजायच्या नावाखाली मांजराशी भांडत होतो. हवालदार मोटारसायकल रस्त्यावर लावून घाम पुशीत खाली उतरला.

"तुमच्या पत्त्यावर जाऊन आलो," तो मला म्हणाला. "घराला कुलूप. शेजारीही कोणी नाही. पत्त्यावर राहत नाहीत, असंच लिहायला लागेल मला."

बाजूच्या झोपडीतला शेजारी पत्ते टाकून उठला. "ओ सायबानू, आज गावात कोणच नाय. मगे सगळ्यांचीच नावां कापतलास काय? सरपंच थंय म्हशी धूता, तेचा पयला कापा!"

सगळे हसले. हवालदारही हसला. तो घाटावरचा होता, नुकताच बदलून आलेला. शेजाऱ्याने त्याला ही रीत समजावली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो गावात रवलो असतो तर परको म्हटलो असतो. गावाबरोबर भायर इलो, म्हणजे आमचोच."

हवालदाराने वही उघडली. "वर्षभर इथेच होते ना? मधे कुठे परदेशी वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली. "खंय जातले? वरसभर हयच आसत भावजी. आंगण सोडून खंय गेले नाय."

एवढ्या ठामपणे बोलली की मला आईच आठवली.

आई थकलेली असताना अशीच एक पळण झाली होती. भाऊ तेव्हा गेलेला. वहिनीने फोन करून मला बोलावलं, म्हणाली, आई मला एकटीला झेपत नाहीत. मी सांगितलं, रजा मिळत नाही. रजा मिळाली होती. त्या रजेत बायको-मुलीबरोबर मी तिकडचेच डोंगर आणि तळी बघत फिरत होतो. आईला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी या नदीपर्यंत आणलं. झोपडीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला ती मला रजा मिळाली नसल्याचं सांगत होती, "त्याका रजा गावाक नाय, नायतर तो इलो असतो." हे मला वहिनीनेच पुढे सांगितलं, माझं मन राखायला. पुढच्या पळणीला आई नव्हती.

"नाही," मी हवालदाराला म्हणालो. "मधे दोन महिने इंग्लंडला होतो. वहिनी माझ्यासाठी बोलतेय. तुम्ही दोन महिने लिहा."

"आजोबा, अर्ज परत येईल हं," तो हळूच म्हणाला.

"येऊ दे."

त्याने लिहिलं, भाकरी आणि बांगडा खाल्ला आणि गेला. वहिनी माझ्यावर भडकली होती. "माका खोटी पाडलास चार माणसांत!" तेव्हा मी तिला ती रजेची गोष्टही सांगून टाकली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही. संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं बंद. मग टोपलीखालची कोंबडी सुटून नदीकडे पळाली आणि मला वहिनीचा आवाज ऐकू आला, "बघीत काय रवलास? धरा तिका!" मी या वयात गुडघाभर पाण्यात उतरलो. सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती. कोंबडी शेजाऱ्याने धरली.

अर्ज परत आला. वर्ष पूर्ण करून नव्याने करा, असा शेरा होता. माझ्या वयाला आणखी एक वर्ष म्हणजे थोडं नव्हे. पण वाईट वाटलं नाही. सकाळी काजूच्या बागेत फेरी मारतो, दुपारी झोपतो, बाजारातून मासे आणतो आणि ते ताजे नव्हते म्हणून वहिनीची बोलणी खातो.

परवा मुलीचा फोन आला. नातीचा साखरपुडा ठरला आहे, पंधरा दिवस तरी या म्हणाली. मला जावंसं वाटलं, फार वाटलं. म्हटलं, "आता नाही येता येणार गं. वर्ष मोडेल."

चुलीपाशी वहिनी खोबरं वाटत होती. तिथूनच ओरडली, "सांगा तिका, रजा गावाक नाय म्हणान!"

मला हसू आवरेना. मुलगी तिकडून विचारत राहिली, "बाबा, काकी काय म्हणाली?"

"खरं तेच म्हणाली," मी म्हटलं.