स्वतः खुर्च्या मांडणाऱ्या अध्यक्ष

स्पृहा खाली जाऊन मालनबाईंना आपल्याबद्दल काय काय सांगत असेल, ही काळजी श्यामलाला ना जेवताना सोडत होती ना भांडी आवरताना. संध्याकाळी सातच्या सुमारास स्पृहाची स्कूटर आवारात शिरायची. श्यामला गॅलरीतून बघायची. पूर्वी स्कूटर लावल्यापासून दारावरची बेल वाजेपर्यंत दोन मिनिटं लागत. आता कधी पस्तीस लागत, कधी पन्नास. मधला सगळा वेळ पोरगी तळमजल्यावर, दोन नंबरच्या घरात.

"अगं, येईल ती," श्रीधर पेपरामागून म्हणायचे. "दोन मजल्यांचं तर अंतर आहे. परदेशात नाही गेलेली."

"अहो, पण रोज काय बोलत असतील दोघी?"

"आपल्याबद्दल नसेल. आपण इतके मनोरंजक नाही."

श्यामलाला हसू आलं नाही. सत्तावीस वर्षांची एकुलती एक मुलगी आपल्याशी बोलते ते "जेवायला काय आहे" आणि "उद्या उशीर होईल" एवढंच. आणि त्या बाईंना 'मालनमावशी' म्हणते. श्यामलाला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे स्पृहाला मावशी अशी कोणी नव्हतीच. ती जागा रिकामी होती आणि मालनबाई तिथे येऊन बसल्या होत्या. मुलगी हातची चालली, आणि चालली ती आपल्याच इमारतीत, ही गोष्ट श्यामलाला सांगताही येत नव्हती आणि गिळताही.

मालनबाई मूळच्या लोणी काळभोरच्या. शिक्षण नववी. नवरा ऐन तिशीत गेला तेव्हा गावातल्या दूध संस्थेच्या कचेरीत त्यांना शिपायाची नोकरी मिळाली आणि पुढची एकोणतीस वर्षं त्यांनी तीच केली. कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, संचालकांच्या सभेला खुर्च्या मांडायच्या, चहा द्यायचा, आणि सभा संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. मुलाने, आनंदने, सदाशिव पेठेत ही जागा घेतली आणि वर्षभरात त्याची बदली नाशिकला झाली. जागा बंद कशाला ठेवायची म्हणून मालनबाई इथे राहिल्या. एका खोलीत त्यांनी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली ठेवल्या. इमारतीतल्या लोकांना त्या दिसत त्या सकाळी पायरी धुताना, एवढंच.

त्यांना सोसायटीचं अध्यक्ष केलं ते श्यामलानेच. हे आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

श्यामला राज्यशास्त्रात एम. ए. आठ वर्षं ती सोसायटीची सचिव होती. टंकलेली विषयपत्रिका, तिच्यावर अकरा विषय, प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली. तरी अलीकडे प्रत्येक सभा पार्किंगच्या विषयावर अडकायची. घरं चौदा, गाड्या लावायच्या जागा नऊ, आणि भाडेकरू मुलांच्या मोटारसायकली वेगळ्याच. तीन वर्षं हाच घोळ. गेल्या वार्षिक सभेत जुन्या अध्यक्षांनी हात टेकले आणि श्यामलाचं नाव पुढे आलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे रावसाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हातातली फाईल मिटून म्हणाले, "श्यामलाताई अध्यक्ष झाल्या तर हरकत नाही. फक्त विषयपत्रिकेला अनुक्रमणिका जोडा."

सगळे हसले. श्यामलाची कानशिलं तापली. पण रावसाहेबांनाही ती अध्यक्ष होऊ देणार नव्हती. शेवटच्या खुर्चीवर मालनबाई बसल्या होत्या, पदर सारखा करत. श्यामलाने विचार केला, या काही बोलणार नाहीत, सही मी सांगेन तिथे करतील. तिने त्यांचं नाव सुचवलं.

"अनुमोदन," रावसाहेब लगेच म्हणाले. "निदान एक खुर्ची तरी शांत राहील."

"बरं," मालनबाई म्हणाल्या. "जमंल तसं बगते."

पुढची सभा महिनाभराने होती. तिच्या आधीच्या आठवड्यात मालनबाई प्रत्येक घरी जाऊन आल्या. "सहज आले बसायला," म्हणायच्या, पाणी प्यायच्या, आणि ऐकत बसायच्या. श्यामलाकडे आल्या तेव्हा श्यामलाने त्यांना विषयपत्रिका दाखवली.

"लई विषय हायत," त्या म्हणाल्या. "एकच ठेवू या का? गाड्यांचा?"

"एकाच विषयासाठी कोणी खाली येतं का?"

"एकच हाय म्हटल्यावर येत्यात. उरकंल असं वाटतं ना."

सभेच्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः खुर्च्या मांडल्या. श्यामला आणि रावसाहेब कायम समोरासमोर बसत. त्या दिवशी दोघांच्या खुर्च्या एकमेकींना चिकटून होत्या. त्यात काय मोठंसं, असं श्यामलाला वाटलं, पण सभा सुरू झाल्यावर ध्यानात आलं. शेजारच्या माणसावर ओरडायचं तर मान पूर्ण वळवावी लागते, आणि इतक्या जवळून ओरडायची लाज वाटते.

मग चहा आला. सभा संपल्यावर नव्हे, आधी. चौदा माणसं गरम कप सांभाळत बसली होती, त्याच वेळी मालनबाईंनी पार्किंगचं नाव काढलं. आणि मग त्यांनी जे केलं ते श्यामला विसरू शकत नव्हती. त्यांनी इतिवृत्ताची वही श्यामलाच्या मांडीवरून उचलली आणि रावसाहेबांच्या हातात दिली.

"रावसाहेब, तुमचं अक्षर मोत्यावानी. आज तुम्ही लिवा."

"सचिव मी आहे," श्यामला म्हणाली.

"व्हय की. तुम्ही मोकळेपनानं बोला. लिवायचं काम त्यांना असू दे."

रावसाहेबांनी छाती पुढे काढून पेन उघडलं. "लिहितो. पहिला मुद्दा. या पोरांच्या मोटारसायकली उचलून रस्त्यावर टाका!"

"लिवा," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "आन् खाली सही करा, म्हंजे कुनी सांगितलं ते राहील."

रावसाहेबांनी अर्धं वाक्य लिहिलं. थांबले. चष्मा वर केला, खाली केला, आणि ते खोडलं. त्यानंतर ते लिहिण्यात इतके गुंतले की भांडायला त्यांना हातच मोकळा राहिला नाही. एकेकजण बोलला. मालनबाई स्वतः काही बोलल्या नाहीत. मधूनमधून एवढंच विचारत, "मग काय ठरलं म्हनायचं?" आणि ज्याने सांगितलं त्याचं रावसाहेब लिहून घेत. चाळीस मिनिटांत ठरलं. मोटारसायकली भिंतीकडे तोंड करून दोन ओळींत, आणि मोटारींच्या जागा दर तीन महिन्यांनी आळीपाळीने. रावसाहेबांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, जणू कल्पना त्यांचीच होती.

जिन्यापाशी स्पृहा उभी होती, ऑफिसची सॅक पाठीवरच. तिच्या तोंडावरचा भाव श्यामलाने पाहिला. आठ वर्षं आईच्या सभा पाहिल्या, तेव्हा या पोरीने कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

"आई, शी इज टू गुड यार," स्पृहा वर येताच म्हणाली.

"दूध संस्थेत शिपाई होत्या," श्यामला म्हणाली. आपल्या आवाजातला कडवटपणा तिला ऐकू आला, पण शब्द निघून गेला होता.

"म्हणूनच तर. एकोणतीस वर्षं मीटिंग्ज बघितल्यात त्यांनी. आपण कोणी बघतो का? आपण फक्त बोलायला जातो."

स्पृहा त्याच महिन्यात टीम लीड झाली होती. दर सोमवारी नऊ जणांची मीटिंग तिने घ्यायची. पहिल्या दोन मीटिंगनंतर ती न जेवता झोपली होती. तेजस नावाचा तिच्याहून मोठा एक सहकारी प्रत्येक वाक्याला फाटे फोडायचा. श्यामलाने रात्रभर बसून तिला चार पानं लिहून दिली होती. सभेचे नियम, अध्यक्षाचे अधिकार, हरकतीचा मुद्दा कधी आणि कसा घ्यायचा. ती पानं सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात दुमडून पडली होती.

आणि आता जेवताना रोज एकच. "मालनमावशी म्हणतात, मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून घे, मीटिंगमध्ये कोणालाच धक्का बसता कामा नये." "मालनमावशी म्हणतात, आपलं मत सगळ्यात शेवटी, जमलं तर सांगूच नको." एका सोमवारी ती हसतच घरी आली. "नोट्स घ्यायचं काम तेजसला दिलं. अक्षरशः गप्प, आई! शेवटी थँक्यू म्हणाला मला!"

"मीही तेच सांगत होते," श्यामला म्हणाली. "आधी तयारी करावी म्हणून."

"तू सांगत नव्हतीस. तू चार पानं दिलीस."

श्रीधरनी मान खाली घालून आमटीत भात कालवला. हे त्यांचं शहाणपण श्यामलाला फार टोचलं.

बुधवारी दुपारी ती खाली गेली. काय बोलायचं ते तिने जिन्यात ठरवलं होतं. माझ्या मुलीला तिच्या आईच्या घरी वेळेवर येऊ द्या, एवढंच. मालनबाई घेवडा निवडत बसल्या होत्या. अभ्यासाच्या मुली आतल्या खोलीत होत्या, दार लोटलेलं.

"या ताई. चहा टाकू?"

"नको." श्यामला उभीच राहिली. "मालनबाई, स्पष्ट बोलते. स्पृहाला मीटिंगचं काय शिकवायचं होतं ते शिकवून झालं असेल आता. रोज तासभर इथे बसायचं कारण मला कळत नाही."

मालनबाईंनी शेंगेची शीर ओढली, ताटलीत टाकली. "ऑफिसचं तर दोन आठवड्यातच झालं. हुशार हाय पोरगी."

"मग?"

"आता दुसऱ्या मीटिंगचं चाललंय. ती जमंना तिला."

"कुठली दुसरी?"

"तुमच्यासंगं."

श्यामला बसली. खुर्ची मागे आहे की नाही हेही तिने पाहिलं नाही. होती.

"तिला तुमच्याशी एक बोलायचं हाय. चार वेळा विषय काढला, म्हनती. चारी वेळा तुम्हीच बोललात. एकदा तुम्ही तिला डॉक्टरांचं नाव दिलं, एकदा तिच्या पगाराचं विचारलं. तिला वाटलं, मावशी सभा घेत्यात, इलाज सांगतील."

"कसलं बोलायचंय? लग्नाचं? नोकरी सोडतीये? आजारी आहे का ती?"

मालनबाई नुसत्या बघत राहिल्या. श्यामलाला कळलं की आपण एका दमात तीन प्रश्न विचारले, आणि उत्तराला जागा ठेवली नाही.

"ते तीच सांगंल," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून आलं तर उद्या पोरगी माझ्याकडं यायची न्हाई, आन् तुमच्याकडं तर न्हाईच न्हाई. वाईट कायबी न्हाई, एवढं सांगते. रातीला झोप लागावी म्हनून."

त्या शेवटच्या वाक्यातल्या मायेचा श्यामलाला सर्वांत जास्त राग आला. ही बाई आता मलाही सांभाळून घेणार. ती उठली आणि वर आली.

वर येऊन तिने कणीक भिजवली, घट्ट झाली. ज्या गोष्टीने आपल्या मुलीला चार वेळा उंबऱ्यापर्यंत आणलं, ती गोष्ट खालच्या बाईंना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही. लग्नघरात सगळ्यांना वाढून झाल्यावर नवरीच्या आईलाच पान नसावं, तसं वाटत होतं. तिने हात धुऊन स्पृहाला फोन लावायला घेतला. "काय लपवतेस माझ्यापासून?" हे वाक्य जिभेवर तयार होतं. पाठोपाठ आणखी सात-आठ होती. ती सगळी तिने मनातल्या मनात म्हणून पाहिली, स्पृहाच्या जागी बसून ऐकली, आणि पलीकडून येणारं "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू" तिला स्वच्छ ऐकू आलं. तिने लावायच्या आधीच स्क्रीन बंद केली.

आपल्याला गप्प बसता येणार नाही, हे तिला माहीत होतं. एकटीने तर नाहीच. कोणीतरी मध्ये बसायला हवं, पोरीचं वाक्य पुरं होईपर्यंत आपल्याला धरून ठेवणारं. श्रीधर पेपर वाचतील. दुसरं कोण, या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते तिला अजिबात आवडत नव्हतं. अजूनही नव्हतं. ती बाई आपल्या घरात सोफ्यावर बसेल, स्पृहा तिच्याकडे बघून बोलेल, आणि आपण आपल्याच घरात सभासद म्हणून बसू. पण स्पृहा बोलेल.

खाली जाऊन विचारायचं तर चेहरा दाखवावा लागला असता. फोन बरा. श्यामलाने नाव शोधलं, मिळालं नाही. सचिव असूनही मालनबाईंचा नंबर तिने कधी साठवलाच नव्हता. सोसायटीच्या ग्रुपमध्ये जाऊन तिने एकेक नंबर खाली सरकवत नेला, शेवटी पायरीवरच्या तुळशीचा फोटो लावलेला एक सापडला. रविवारी अकरा वाजता, असं सांगायचं तिने ठरवलं, आणि नंबर दाबला.